कोकणकड्याचा फोटो सपाट का येतो?

हरिश्चंद्रगडावर जाण्याआधी कोकणकड्याचे ढिगाने फोटो पाहिले होते, पण एकानेही पोटात गोळा आणला नव्हता. प्रत्यक्षात पायथ्याच्या पाचनई गावातून चढून, देवळाच्या बाजूने पश्चिमेच्या पठारावर आलो, कारवीचं रान मागे पडलं आणि चार पावलांवर जमीनच संपली. पालथं पडून, मित्राला पाय धरायला सांगून खाली डोकावलो. जवळजवळ अर्धा किलोमीटरचा तुटलेला कडा, तोही सरळसोट नाही, आत ओढलेला. खाली बेलपाड्याची घरं. दरीतून वर येणारा वारा इतका जोराचा, की मूठभर सुकं गवत खाली टाकलं तर ते परत आपल्याच डोक्यावर येऊन पडतं.

हे सगळं अनुभवून कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं तर एक तपकिरी भिंत आणि वर पांढरं आकाश. बस्स.

यात कॅमेऱ्याचा दोष नाही. आपण कडा नुसता डोळ्यांनी पाहत नसतो. मान फिरवतो, वारा अंगावर घेतो, गुडघ्यांत कापरं भरतं आणि त्यावरून खोली कळते. फोटोत यातलं काहीच उतरत नाही. ती खोली दुसऱ्या कशाने तरी दाखवावी लागते. माझ्या मते निसर्गाच्या फोटोतली निम्मीअधिक मेहनत याच एका गोष्टीची आहे, बाकी बटणांचं ज्ञान नंतर येतं.

आम्ही पोहोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. तंबू आणि जेवणाची सोय करणाऱ्या पाचनईच्या मामांनी माझा ट्रायपॉड पाहूनच सांगितलं, "दादा, आत्ता कशाला उभं करताय? कड्याला ऊन चारनंतर येतंय. जेवून घ्या आधी." मामा कॅमेरा वापरत नाहीत, पण कडा रोज बघतात. कोकणकड्याचं तोंड पश्चिमेला, म्हणजे सकाळभर तो स्वतःच्याच सावलीत असतो. सावलीतल्या दगडाला उठाव नसतो. सकाळी येऊन दुपारी उतरणाऱ्यांचे फोटो त्यामुळे सपाट आले तर नवल नाही.

नोव्हेंबरअखेर असल्यामुळे दुसरी एक गोष्ट आमच्या बाजूने होती. हिवाळ्यात सूर्य ठीक पश्चिमेला मावळत नाही, बराच दक्षिणेकडे सरकून मावळतो; डिसेंबरात तर पंचवीसेक अंश. कड्याचा आकार घोड्याच्या नालेसारखा आहे. तेव्हा या दिवसांत त्याच्या उत्तरेकडच्या बाजूवर ऊन पडतं आणि दक्षिणेकडची बाजू अंधारत जाते. मग उभं कुठे राहायचं? दक्षिणेच्या टोकाला, उत्तरेकडे तोंड करून. सूर्य डाव्या हाताला येतो, उजेड कड्यावर तिरका पडतो.

पावणेपाचच्या सुमारास तो तिरका उजेड काय करतो ते पाहिलं. सह्याद्रीचा हा दगड म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक बसलेले थर. भर दुपारी ते एकमेकांत मिसळून गेलेले असतात. आता प्रत्येक थराची कड पुढे आली, तिच्याखाली सावलीची बारीक काळी रेघ उमटली, आणि त्या रेघांवरून नजर आपोआप कड्याच्या वळणाबरोबर आत जाऊन बाहेर यायला लागली. कड्याचा आतला बाक मला फोटोत पहिल्यांदा दिसला तो इथे. कॅमेरा तोच होता, सोबत मिळालेली १८-५५ मिमीची साधी झूम लेन्स (१८ वर रुंद दृश्य मावतं, ५५ वर लांबचं जवळ येतं) तीच होती.

तरीही एक उणीव राहिलीच. फोटोतला कडा पन्नास फुटांचा की पाचशे मीटरचा, हे कळायला मार्ग नव्हता. तेवढ्यात समोरच्या काठावर एक घोळका आला, त्यातला एकजण लाल जॅकेटमध्ये. फोटोत तो जेमतेम टिंबाएवढा आला, पण त्या लाल टिंबाखाली कडा एकदम कोसळायला लागला. फोटोत माणसं नकोत म्हणून हटून बसणाऱ्यांचं मला कोडंच आहे. (त्या माणसाला आणखी काठावर जायला मात्र सांगू नये. कुठल्याही फोटोसाठी नाही.)

लेन्सबद्दल लोकांचा एक ठाम समज असतो की निसर्ग म्हटला की वाइड अँगलच. वाइड अँगलमध्ये बरंच काही मावतं खरं, पण लांबचं सगळं लहान होतं. एवढा मोठा कडा बांधासारखा दिसतो. नुसता कडा घ्यायचा तर ५५ वर जावं, कोकणातल्या डोंगरांच्या एकामागे एक रांगा हव्या असतील तर त्याहूनही पुढे. १८ वर घ्यायचाच असेल तर पायाशी काहीतरी हवं. माझ्या पायाशी सोनेरी झालेलं गवत होतं. कॅमेरा गुडघ्याच्याही खाली आणला, अ‍ॅपर्चर (लेन्समधून उजेड आत सोडणारं छिद्र) एफ ११, आणि फोकस गवतावरही नाही, क्षितिजावरही नाही, साधारण दीड-दोन मीटरवरच्या एका दगडावर. माझ्या कॅमेऱ्याच्या एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरवर एवढ्यात मीटरभरापासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. एफ २२ च्या, म्हणजे आणखी बारीक छिद्राच्या, मोहात पडू नये, तिथे सगळंच थोडं मऊ पडतं. वाऱ्याने गवत डोलत होतं, म्हणून आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ४०० करून शटर सेकंदाच्या १/२०० वर ठेवला. ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडलेच नाहीत, मधल्या दांड्याला सॅक लटकवली.

फिल्टर एकच घ्यायचा तर पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, घ्यावा. सूर्य आपल्या डाव्या किंवा उजव्या हाताला असताना तो सर्वाधिक काम करतो आणि आम्ही नेमके तसेच उभे होतो. खडकावरची चकाकी गेली, गवताचा रंग भरला. १८ वर मात्र आकाश एका बाजूला गडद आणि दुसरीकडे फिकं दिसायला लागलं, तेव्हा काढून ठेवला.

सूर्यास्त सगळेच काढतात, मीही काढला. दोनच गोष्टी सांगण्यासारख्या. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाचं सेटिंग) ऑटोवर राहिला तर कॅमेरा तो केशरी रंग 'सुधारून' टाकू शकतो, म्हणून सूर्याच्या चिन्हावर ठेवावा. आणि एक्सपोजर, म्हणजे फोटोला मिळणारा उजेड, आकाशाला सांभाळून द्यावं, रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) सावल्या नंतर उजळता येतात, पांढरं फटक झालेलं आकाश परत येत नाही. सूर्य बुडाला की गर्दी पिठलं-भाकरीकडे पळते. पुढची वीस मिनिटं थांबलात तर रांगा निळ्यावर निळ्या होत जातात आणि काठावर कुणाचा धक्काही लागत नाही.

पहाटे धुकं कड्याच्या तोंडापर्यंत भरून आलं होतं. सकाळी सूर्य पाठीशी आणि समोर असं धुकं, हाच इंद्रवज्राचा योग. आपल्या सावलीभोवती उमटणारं ते गोल इंद्रधनुष्य इंग्रज अधिकारी कर्नल साइक्स याने याच गडावरून पाहिलं होतं, आणि १८३५ साली छापलेल्या दख्खनच्या हवामानावरच्या लेखात नोंदवलं. आम्हाला ते काही दिसलं नाही. डोंगराची लांबच लांब सावली मात्र धुक्यावर पडली होती, तीच टिपली. पांढऱ्या धुक्याला कॅमेरा फसतो, सगळं राखाडी करून टाकतो, म्हणून एक्सपोजर एक पायरी वाढवून घेतलं.

उतरताना मामांना विचारलं, उन्हाळ्यात कसं असतं? "मे महिन्यात ऊन पार त्या अंगाला जातं," त्यांनी दक्षिणेकडच्या बाजूला हात केला. बरोबरच आहे, तेव्हा सूर्य उत्तरेकडे सरकून मावळतो. म्हणजे आम्ही अंधारात सोडलेली बाजू तेव्हा उजळणार आणि उभं राहायचं ते उत्तरेच्या टोकाला. पण मेमध्ये हवेत धूळ फार, लांबच्या रांगा पुसल्या जातात. वळवाचा पाऊस पडून गेल्यावर लगेच जमलं तरच जाण्यात अर्थ आहे. पाऊस पडला की फोन करायचं मामांनी कबूल केलंय.