सिस्टिममध्ये नसलेल्या आजी

नोव्हेंबर म्हणजे इंदूरच्या आमच्या शाखेत हयातीच्या दाखल्यांचा महिना. शटर वर जायच्या आधीच बाहेर पेन्शनरांची रांग. तीस तारखेपर्यंत दाखला नोंदला गेला नाही की पुढची पेन्शन थांबते. मग जानेवारीत उरलेसुरले येतात, बहुतेक चिडलेले.

त्या आजी चिडलेल्या नव्हत्या. मूळच्या नगरच्या, रेल्वेच्या दवाखान्यात नर्स होत्या, १९९० साली निवृत्त. वय ९१. नोकरी बत्तीस वर्षं आणि पेन्शन तेहतीस! खुबा मोडल्यामुळे तीन महिने अंथरुणावर होत्या, म्हणून उशीर झाला. वॉकर घेऊन नातू बरोबर होता.

स्क्रीनकडे बघता बघता मी बोलून गेलो, "आजी, सिस्टिममध्ये तुम्ही हयात नाही."

लगेच जीभ चावली. नातवाचा चेहरा उतरला. आजींनी विचारलं, "कधीपासून रे बाळ?"

"एक डिसेंबरपासून."

"म्हणजे यंदाचा नाताळ मी गेल्यावर केला म्हणायचा. तरी केक बरा झाला होता."

अंगठा लावला, मशीन लाल. ओल्या रुमालानं बोटं पुसली, खोबरेल लावून पाहिलं, दहाही बोटं झाली. वय झालं की बोटांवरच्या रेषा झिजतात. आजींच्या मते त्यांच्या रेषा स्पिरिटनं आणि साबणानं आधीच खाल्ल्या होत्या. शेवटी मोबाइलवर चेहरा दाखवून करायचं ठरलं, तर नेटवर्क गायब.

तेवढ्यात वेळ काढायला मी त्यांना वाढीव पेन्शनचा हिशोब सांगत बसलो. ऐंशी पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के, नव्वदीला ४०, शंभरीला दुप्पट.

"ऐंशीच का? मोशेनंही तोच आकडा धरलाय."

मला वाटलं, मोशे म्हणजे रेल्वेतले कोणी जुने साहेब.

आजी खो खो हसल्या. मग सांगितलं, बायबलमधलं नव्वदावं स्तोत्र. तिथल्या दीडशे स्तोत्रांत मोशे संदेष्ट्याच्या नावावर हे एकच. माणसाचं आयुष्य सत्तर वर्षं, अंगात बळ असलं तर ऐंशी, आणि त्यातली बरीचशी कष्टात जातात. "लिहिणारा स्वतः मात्र एकशेवीस जगला बरं का. आणि देवाला हजार वर्षं म्हणजे कालचा गेलेला दिवस, नाहीतर रात्रीचा एक प्रहर. नाइट ड्युटी केलेल्याला विचार, प्रहर केवढा असतो. पण सकाळी घरी गेलं की आठवतही नाही." थोडं थांबून म्हणाल्या, "डोंगर झाले नव्हते तेव्हापासून आहे तो. त्याला नाही लागत हयातीचा दाखला."

इथल्या रामबाग मोहल्ल्यात कीर्तनं ऐकत वाढलोय मी. देह क्षणभंगुर आहे हे लहानपणापासून कानावर पडलंय, पण ते ऐकताना मंडळी कशी गंभीर होऊन बसतात. या बाई मात्र कोणी फुकटात ओव्हरटाइम दिल्यासारख्या खुशीत होत्या. त्याच स्तोत्रात, आमचे दिवस मोजायला आम्हांला शिकव, असं मागणं आहे म्हणे. "तू तर बँकेत आहेस, तुला येतच असेल," असं वर मलाच ऐकवलं.

नेटवर्क आलं. ॲप डोळे मिचकवायला सांगतं; मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला डावा डोळा ऐकेना. चौथ्या वेळी जमलं. नातवाच्या मोबाइलवर प्रमाण आयडीचा, म्हणजे दाखल्याच्या नंबरचा मेसेज आला.

"आता थांबलेली रक्कमही जमा होईल," मी म्हटलं, "आणि पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्येच या. ऐंशीच्या वरच्यांना एक तारखेपासून देता येतो, गर्दी नसते."

"प्रभूची मर्जी असली तर," आजी म्हणाल्या. मग माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि पासबुकाच्या मागच्या पानावर थरथरत्या अक्षरात लिहिलं: १ ऑक्टोबर.