एक्स-४७बी, नोंद चौथी: हवा वरून घ्यायची हौस

पंख जोडून झाले तेव्हा वाटलं होतं, आता काय, पंखा बसवला की उडवायचं. तीन आठवडे पंख्यातच गेले.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: हे नॉर्थ्रॉप ग्रुमन कंपनीच्या एक्स-४७बी या वैमानिकाविना उडणाऱ्या अमेरिकी विमानाचं १:१६ मॉडेल आहे. मूळ यंत्राचा पंखविस्तार १८.९ मीटर, म्हणजे माझ्याकडे ११८ सेंटीमीटर. अंग डेप्रॉनचं (हलका फोम), ७० मिमीचा ईडीएफ (नळीत बसवलेला विजेचा पंखा), फोर-सेल लायपो बॅटरी.

मूळ विमानात हवेचं तोंड पाठीवर आहे, कारण खालून येणाऱ्या रडारला इंजिनाची पाती दिसू द्यायची नाहीत. माझ्या मॉडेलला कोणापासून लपायचंय? पण आकार हवा तर त्याचं दुखणंही घ्यावं लागतं. पंखा मोकळा धरला तर वजनकाट्यावर १४५० ग्रॅम जोर, आत बसवला की १०५०. तोंडाच्या कडेला लोकरीचे बोटभर धागे चिकटवून थ्रॉटल दिला. मधले धागे सरळ आत ओढले गेले, कडेचे मात्र जागच्या जागी वळवळत राहिले. चूक तिथेच होती. फोटोतल्यासारखी धारदार कड ठेवायच्या नादात हवा वळणावरच सुटत होती. हलकी पुट्टी लावून कड आतून गोल केली, घासली, पुन्हा मोजलं: १२६०. हवेसाठी पोटाला गुपचूप भोक पाडायचा सल्ला दोघांनी दिला होता. काम झालं असतं, पण मन होईना.

पहिली फेक वाया गेली. हातातून सुटताच नाक वर, वेग संपला, डावा पंख खाली आणि धप्प. शेपूट नसलेल्या विमानात गुरुत्वमध्य जरा मागे गेला तरी माफी नाही. बॅटरी २२ मिमी पुढे सरकवली, दोन्ही एलेव्हॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) ३ मिमी वर उचलून ठेवले. १० जुलै २०१३ ला खऱ्या एक्स-४७बीने जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश या विमानवाहू जहाजावर दोनदा उतरून दाखवलं आणि तिसऱ्या खेपेला नेव्हिगेशन संगणकात गडबड ओळखून ते आपणहून किनाऱ्यावरच्या वॉलप्स आयलंड विमानतळाकडे वळलं. माझ्या यंत्राला एवढं शहाणपण कुठलं!

दुसरी फेक मात्र जमली. ४० सेकंद उडालं. पण नाक सारखं डावी-उजवीकडे डुलत होतं, नशेत चालल्यासारखं. डुलणं आपोआप सावरणाऱ्या जायरोचा गेन (संवेदनशीलता) वाढवला तर एलेव्हॉनच थरथरायला लागले. शेवटी पारदर्शक प्लास्टिकचे दोन छोटे उभे पंख टेपने मागे लावले. लांबून दिसत नाहीत, जवळून मलाच लाज वाटते. तिसऱ्या उड्डाणात डुलणं जवळपास थांबलं. गवतात उतरताना त्यातला एक निघून पडला, तो अजून सापडलेला नाही. नवा कापताना उंची निम्मी ठेवून बघणार आहे.