लिहिलेलं विसरणारा लॅपटॉप

सकाळी घातलेलं दूध दुपारी लॅपटॉपमध्ये नव्हतं. भुदरगड तालुक्यातल्या एका गावच्या दूध संस्थेच्या सचिवांचा, आण्णांचा फोन आला. "भावा, आज सकाळचं सगळं दूध गायब झालंय बघ. काल रातचं हाय, आजचं काय बी न्हाई." सकाळचं संकलन व्यवस्थित झालं होतं, पावत्या निघाल्या होत्या, सभासदांच्या मोबाईलवर मेसेज गेले होते. संकलन संपल्यावर लॅपटॉप बंद केला. दुपारी बिलाच्या कामासाठी उघडला तर तो ९ तारखेच्या संध्याकाळवर येऊन थांबलेला. ऑपरेटर ताईंनी जमलेल्या पावत्या बघून काही नोंदी परत भरल्या, मध्येच मशीन अडकलं, रीस्टार्ट केलं, आणि त्याही गेल्या.

त्या दुसऱ्यांदा गेलेल्या नोंदींनी मला बरंच काही सांगितलं. गारगोटीत माझं लॅपटॉप आणि प्रिंटर दुरुस्तीचं दुकान आहे. व्हायरसने फायली गेल्या, सॉफ्टवेअर बिघडलं, अशी प्रकरणं रोज येतात. पण रीस्टार्ट केला की मशीन त्याच एका क्षणावर परत जातं, हे लक्षण वेगळं आहे. मी आण्णांना सांगितलं, लॅपटॉप बंद करून ठेवा, आता कुणी हात लावू नका, मी येतोय.

तारीख होती १० नोव्हेंबर. दूध संस्थेत १० तारखेला काय असतं ते सांगायला हवं. बिल दहा-दहा दिवसांचं निघतं: १ ते १०, ११ ते २०, आणि २१ ते महिनाअखेर. १० ची संध्याकाळ म्हणजे हिशोब बंद करायची वेळ. त्यात थंडी सुरू झालेली, म्हशी भरात, रोजच्यापेक्षा दूध जास्त. ऊस तोडायला आलेले, घराघरात पैशाची गरज. बिल दोन दिवस पुढे गेलं तर सचिवांना गावात तोंड दाखवणं अवघड होतं.

उसाच्या ट्रॅक्टरांमागून रस्ता काढत पोचलो तेव्हा तीन वाजत आले होते. संध्याकाळचं संकलन साडेपाचला सुरू होणार होतं.

लॅपटॉप स्वस्तातला, सेलेरॉन प्रोसेसरचा, ४ जीबी रॅमचा. अशा बऱ्याच लॅपटॉपमध्ये वेगळी हार्डडिस्क नसतेच. मदरबोर्डवर ६४ जीबीची ईएमएमसी चिप सोल्डर केलेली असते, मोबाईलमध्ये असते त्याच जातीची. या चिपवर ठरावीक वेळाच लिहिता-पुसता येतं. विंडोज आणि त्याचे अपडेट मिळून ६४ जीबी जवळजवळ भरतात, मग उरलेल्या थोड्याशा जागेवरच पुन्हा पुन्हा लिहिलं जातं आणि चिप लवकर झिजते. राखीव जागाही संपली की ती लिहून घेणं थांबवते, वाचू मात्र देते. काही चिपा अशा वेळी सरळ एरर दाखवतात. काही गप्प राहतात. विंडोजने "लिही" म्हटलं की "लिहिलं" म्हणून उत्तर देतात. रॅममधली प्रत स्क्रीनवर दिसत राहते, पावतीही छापली जाते, बसलेल्या माणसाला शंका यायला जागाच नसते. मशीन बंद झालं की रॅम रिकामी, आणि चिपवर जे शेवटचं खरोखर लिहिलं गेलं होतं तेवढंच उरतं.

तपासायला मी आतलं विंडोज सुरूच केलं नाही. माझ्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट असतं, त्यावरून लॅपटॉप उठवला. हे लाइव्ह लिनक्स पेनड्राइव्हवरून रॅममध्ये येऊन चालतं, आतल्या डिस्कला आपण सांगेपर्यंत स्पर्शही करत नाही. आधी डीडीरेस्क्यू या प्रत काढायच्या प्रोग्रामने पूर्ण चिपची प्रत माझ्या पोर्टेबल हार्डडिस्कवर काढून घेतली. अर्ध्या तासाच्या आत, एकही सेक्टर न चुकता. मग आण्णांना आणि ताईंना शेजारी बसवलं. चिपवर एक फाईल तयार केली, तिला नाव दिलं "दूध". दोघांनी ती पाहिली. लिनक्समधूनच डिस्क सोडवून (अनमाउंट करून) पुन्हा जोडली. फाईल नव्हती. आण्णांनीच मग एक जुना फोटो पुसायला सांगितला. पुसला, पुन्हा जोडलं, फोटो जागच्या जागी.

"म्हणजे ह्यो आता नवं काय घेतच न्हाई," आण्णा म्हणाले. अगदी तेच. आणि एक चांगली बातमीही त्यात होती: ९ च्या संध्याकाळपर्यंतचा सगळा हिशोब धडधाकट होता, गेलं होतं ते फक्त १० च्या सकाळचं.

चिप बदलायला बोर्ड उघडून हॉट एअरचं काम करावं लागतं, ते त्या दोन तासांत होण्यातलं नव्हतं. नवा लॅपटॉप कोल्हापूरहून दुसऱ्या दिवशी आला असता. माझ्या पिशवीत २४० जीबीची साटा एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क होती, यूएसबी केसमध्ये घातलेली. मी ठरवलं, याच लॅपटॉपवर विंडोज बाहेरून चालवायचं.

पेनड्राइव्हवर का नाही, असं आण्णांनी विचारलं, आणि प्रश्न रास्त होता, कारण लिनक्स तर पेनड्राइव्हवरूनच चाललेलं त्यांनी पाहिलं होतं. लाइव्ह लिनक्स बहुतेक वाचतंच. विंडोज मात्र दर क्षणाला कुठेतरी काहीतरी लिहीत असतं, बारीक बारीक तुकड्यांत, विखुरलेलं. साधा पेनड्राइव्ह एक मोठी फाईल बऱ्या वेगाने घेतो, पण असं विखुरलेलं लिहिताना तो गुदमरतो. माउस हलतो आणि खिडकी उघडायला मिनिट लागतं. शिवाय तोही चिपच, आणि बहुतेकदा याहून हलक्या दर्जाची. यूएसबी ३ च्या सॉकेटला लावलेल्या एसएसडीवर विंडोज त्या जुन्या ईएमएमसीपेक्षा झपाट्याने चालतं, हे मी अनेक मशीनवर पाहिलं आहे.

अडचण विंडोजची असते. त्याचं नेहमीचं सेटअप यूएसबी डिस्कवर बसायला चक्क नकार देतं. मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर मोठ्या कंपन्यांसाठी विंडोज टू गो आणलं होतं, खिशात विंडोज घेऊन फिरायची सोय. विंडोज १० च्या २००४ क्रमांकाच्या आवृत्तीत, म्हणजे २०२० साली, ती काढून टाकली. तिच्यावर मोठे आवृत्तीबदल होत नाहीत, हे त्यांनी दिलेलं एक कारण, आणि ते खरं आहे. पण रूफस नावाच्या छोट्या मोफत प्रोग्राममध्ये ती पद्धत अजून आहे. माझ्या लॅपटॉपवरून रूफसने एसएसडीवर विंडोज १० उतरवलं. त्यात एक खूण करायची असते, आतल्या डिस्कला हात लावू नकोस अशी. ती केली. मरणाऱ्या चिपपासून नवं विंडोज दूर राहणं मला फार महत्त्वाचं वाटत होतं. चिपवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप नव्हतं हेही बरं झालं, नाहीतर ४८ आकडी रिकव्हरी की शोधण्यात संध्याकाळ गेली असती.

विंडोज उठेपर्यंत साडेपाच झाले. दारात किटल्या घेऊन माणसं उभी. दूध थांबवता येत नाही, दूध संघाची गाडी ठरलेल्या वेळी येते. ताईंनी रजिस्टर काढलं. काट्याचा आकडा आणि फॅट मशीनवरचा आकडा त्या त्या यंत्राच्या डिस्प्लेवर दिसतोच, तो हाताने लिहायला सुरुवात केली. मला त्या क्षणी ताईंचं फार कौतुक वाटलं. कुणी काही सांगायच्या आधी त्यांनी पानावर रकाने आखलेसुद्धा होते: कोड, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ).

संकलनाचं सॉफ्टवेअर टाकलं, चिपच्या प्रतीतून डेटाबेसची फाईल आणून जागेवर ठेवली. मशीन बदललं असं समजून सॉफ्टवेअरने नवी की मागितली, ती कंपनीच्या माणसाने फोनवर दिली. आता खरं नाजूक काम. काटा आणि फॅट मशीन दोन्ही सिरीयल केबलची, यूएसबी कन्व्हर्टरवरून लॅपटॉपला जोडलेली. विंडोज अशा प्रत्येक जोडणीला कॉम नंबर देतं. जुन्या विंडोजमध्ये काटा कॉम ३ वर होता आणि फॅट मशीन कॉम ५ वर, सॉफ्टवेअरला तेच माहीत. नव्या विंडोजने आपल्या मनाने दुसरेच नंबर दिले. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन जुने नंबर लावले. हे स्वस्त कन्व्हर्टर स्वतःची ओळख सांगत नाहीत, विंडोज त्यांना सॉकेटवरून ओळखतं. वायर एका भोकातून दुसऱ्यात गेली की नंबर बदलतो. म्हणून प्रत्येक वायरीला आणि तिच्या सॉकेटला एकाच रंगाची चिकटपट्टी लावली.

सॉकेट कमी पडत होती, हब घ्यावा लागला. हबवर काटा, फॅट मशीन, प्रिंटर. एसएसडी मात्र थेट लॅपटॉपच्या निळ्या सॉकेटला. या हबला वेगळा अडॅप्टर होता. लाईट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहील, पण हब क्षणभर मरेल. त्या क्षणी काटा सुटला तर पुन्हा जोडता येतो. विंडोज ज्या डिस्कवर चाललंय ती सुटली तर सगळं जागेवर कोसळतं. एसएसडीची केस झाकणाच्या पाठीला दुहेरी चिकटपट्टीने बसवली, आखूड केबल लावली, स्लीप आणि यूएसबीची वीज वाचवायची सेटिंग बंद केली.

तारखेची पद्धतही आधी पाहिली. नव्या विंडोजमध्ये ती अमेरिकन असते, महिना आधी. हे सॉफ्टवेअर दिवस आधी वाचतं. तसंच राहिलं असतं तर १० नोव्हेंबरचं दूध ११ ऑक्टोबरला जमा झालं असतं आणि बिलात कुठे दिसलंच नसतं. प्रदेश भारत केला, मगच सॉफ्टवेअर उघडलं.

पहिली नोंद एका वयस्क मावशींची होती. लॅपटॉप बदलासारखं काहीतरी चाललंय हे त्यांनी हेरलं होतं. "फॅट तरी त्योच लावतंय न्हवं ह्ये?" मी त्यांना फॅट मशीनचा डिस्प्ले दाखवला, मग स्क्रीन. दोन्हीकडे ६.८ फॅट, ९.१ एसएनएफ. फॅट मोजतं ते हे मशीन, लॅपटॉप फक्त लिहून घेतो, असं सांगितलं. त्यांनी दोन्ही आकडे निरखले, पावती घेतली आणि घडी करून कनवटीला लावली. म्हशीचा दर ६.० फॅट आणि ९.० एसएनएफ धरून वर-खाली ठरतो. एकेका पॉइंटामागे पैसे असतात, त्यांनी विचारलं ते बरोबरच होतं.

सकाळच्या नोंदी गावानेच परत आणल्या. संध्याकाळी येणाऱ्या प्रत्येकाला सकाळची पावती किंवा मोबाईलवरचा मेसेज दाखवायला सांगितलं. पोरं घरी धावून आजोबांचे फोन घेऊन आली. रजिस्टरमधल्या आणि सकाळच्या अशा सगळ्या नोंदी भरून झाल्यावर ताईंनी सकाळचं एकूण लिटर काढलं. सकाळी संघाच्या गाडीत गेलेल्या दुधाच्या पावतीशी ते नेहमीच्या घटीइतक्या फरकाने जुळलं. रात्री बिल निघालं.

मी तरी निघालो नाही, कारण एक धोका शिल्लक होता. आतली चिप वाचता येत होती, म्हणजे तिच्यावरचं जुनं विंडोज अजून उठत होतं. सकाळी एसएसडीची वायर सैल असली तर लॅपटॉप मुकाट्याने आतल्या विंडोजवर जाणार, तेच सॉफ्टवेअर उघडणार, पावत्या छापणार आणि सगळं विसरणार. जुनं विंडोज पुसून टाकावं तर चिप पुसूही देत नाही. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उठणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, चिप बंद करायची सोय काही लॅपटॉपमध्ये असते, यात नव्हती. बूटचा क्रम बदलून यूएसबी पहिला केला, बायोसला पासवर्ड लावला, तरी डिस्क सापडली नाही तर तो आत जाणारच.

तेव्हा नव्या विंडोजचा डेस्कटॉप गडद पिवळा केला, आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: "हाच खरा. दूध इथेच घ्या." मग ताईंसमोर मुद्दाम वायर काढून लॅपटॉप सुरू केला. निळा, जुना डेस्कटॉप आला, ओळखीच्या सगळ्या आयकॉनसह. तो किती खरा वाटतो हे त्यांनी स्वतः बघणं मला गरजेचं वाटलं. त्यांनीच बंद केला, वायर लावली, पुन्हा सुरू केला, पिवळा आल्यावर मान हलवली. काट्याशेजारच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवलं: पिवळा नसेल तर किटली ओतायची नाही.

नवा लॅपटॉप घ्यायचा ठराव मीटिंगमध्ये पुढे सरकत राहिला, तोवर संस्था त्या एसएसडीवर चालली. प्रत्येक बिलानंतर डेटाबेसची प्रत दुसऱ्या एका डिस्कवर जाते, ती आण्णांच्या कपाटात असते. उन्हाळ्यात एकदा कीबोर्डवर दूध सांडलं आणि लॅपटॉप उठेना. ताईंनी चेअरमनांच्या मुलाचा लॅपटॉप मागवला, एसएसडी सोडवून त्याला लावली. पहिल्यांदा ड्रायव्हर शोधण्यात त्याने काही मिनिटं घेतली, मग पिवळा डेस्कटॉप आला. कॉम ३ आणि कॉम ५ त्यांनी चिकटपट्ट्यांचे रंग बघत स्वतः लावले आणि संध्याकाळचं दूध घेतलं. मला फोन दुसऱ्या दिवशी आला, कीबोर्ड बदलायला किती लागतील ते विचारायला.