अर्धा कोयता

रविवार, रात्र

आज बारा लॉगलाइन ऐकल्या. लॉगलाइन म्हणजे अख्ख्या सिनेमाची गोष्ट एक-दोन वाक्यांत. आमच्या रविवारच्या बैठकीचा आता नियमच झालाय. पटकथेआधी तिची लॉगलाइन आणायची, कोऱ्या कागदावर, नाव न घालता. कागदांची अदलाबदल होते आणि ज्याच्या वाट्याला जो येईल तो त्याने मोठ्यांदा वाचायचा. आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की निम्मं काम तिथेच होतं. वाचणारा जिथे अडखळतो तिथे काहीतरी मोडलेलं असतं, ते वेगळं सांगावं लागत नाही.

पहिलाच कागद: "एक प्रवास... स्वतःच्या शोधाचा!" हे पोस्टरवर छापायचं वाक्य झालं. त्याने तिकीट विकलं जाईल कदाचित, पण गोष्ट कळत नाही. दुसऱ्या एकाने शेवटी लिहिलं होतं, "पुढे काय होतं ते पडद्यावरच पाहा." सगळे हसले. अरे बाबा, निर्मात्याने पैसे घातल्याशिवाय पडदा येणार कुठून? लॉगलाइन वाचणारा माणूस प्रेक्षक नसतो. त्याच्यापासून काही लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

हसताना मला माझं जुनं आठवलं. अंधेरीतल्या एका ऑफिसात समोरचा माणूस म्हणाला होता, "एका वाक्यात सांगा." मी अकरा मिनिटं बोलले. अकरा मिनिटं हे मला माहीत आहे, कारण त्याच्या मागच्या भिंतीवर घड्याळ होतं आणि तो सोडून मी सगळा वेळ त्या घड्याळाकडेच बघत होते.

आठवा की नववा कागद असा होता: "गरिबीच्या आणि व्यवस्थेच्या चक्रव्यूहात सापडलेल्या, परिस्थितीशी झुंजणाऱ्या, ऊसतोड कामगाराच्या घरात जन्मलेल्या एका जिद्दी मुलीची हृदयस्पर्शी कहाणी."

वाचणारीचा श्वास 'जन्मलेल्या'पाशी संपला. कागद कुणाचा ते लगेच कळलं, कारण बीडकडचा तो मुलगा चपलेच्या अंगठ्याकडे बघत बसला होता.

मराठीत ही अडचण नेहमीची आहे. आपलं क्रियापद शेवटी, आणि नामाच्या आधी '-लेल्या', '-णाऱ्या' जोडत जायची सोय. मग नायिका येईपर्यंत तिच्यामागे डबेच डबे लागतात आणि क्रियापदाला जागाच उरत नाही. वरच्या वाक्यात क्रियापद नाहीच. म्हणजे गोष्टीत कुणी काही करतच नाही. इंग्रजी पुस्तकं वाचून आलेले मग 'जेव्हा अमुक होतं तेव्हा तमुकला ढमुक करावंच लागतं' असा साचा आणतात, तोही जिभेवर बसत नाही. मी म्हणते, सरळ दोन वाक्यं करा. आजीने गोष्ट सांगितली असती तर तिने असंच सांगितलं असतं: एक अशी होती, आणि एकदा काय झालं.

उदाहरणाला मी 'श्वास' हा सिनेमा घेते. कोकणातला आजोबा नातवाचे डोळे दाखवायला शहरात येतो. पोराला डोळ्याचा कर्करोग निघतो. शस्त्रक्रिया केली तर जीव वाचेल, दृष्टी जाईल. आणि हे त्या पोराला सांगायचं कसं? यात एकही 'हृदयस्पर्शी' नाही. ते आपण म्हणतो, ऐकून झाल्यावर. नावंही नाहीत. 'सुधाकर' म्हटल्याने मला काही दिसत नाही, 'निवृत्त एसटी कंडक्टर' म्हटलं की खाकी शर्ट आणि सुट्ट्या पैशांची पिशवी दिसते.

तर तो मुलगा. सगळे माझ्याकडे बघत होते, कारण अशा वेळी मी लाल पेन काढते अशी माझी ख्याती आहे.

ती ख्याती कशी मिळाली तेही लिहून ठेवते. दोन वर्षांपूर्वी एका मुलीने घराची वाटणी करणाऱ्या दोन बहिणींची लॉगलाइन आणली होती. मी तिथल्या तिथे ती पुन्हा लिहिली. थोरलीला कर्जबाजारी केलं, घरात एक भाडेकरू घुसवला, शेवटाला वळण दिलं. टाळ्या पडल्या. तिने सगळं मुकाट उतरवून घेतलं, "थँक्यू ताई" म्हणाली, आणखी दोन रविवार आली, मग यायची थांबली. पुढे एकदा बसस्टॉपवर भेटली. त्या पटकथेचं काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाली, "ती नंतर माझी वाटेना." रागाने नाही म्हणाली. राग असता तर बरं वाटलं असतं.

आजही डोकं चाललंच. मध्यंतरापर्यंत ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाचा मुडदा पडला होता माझ्या डोक्यात. पेन पर्समध्येच ठेवलं आणि नुसतं विचारलं, "ती मुलगी कितवीत आहे?"

"दहावीत."

"आणि ऊसतोडीला आई-बापाबरोबर जाते?"

"नाही ताई, ती गावाकडंच ऱ्हाती, आजीपाशी. परीक्षा असती ना. पण जानेवारीत आईचा हात मोडतो फडात. मग कोयता अर्धा पडला ना."

बैठकीतल्या निम्म्या लोकांना हे कळलं नाही, तेव्हा त्याने समजावून सांगितलं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम दिवाळीच्या आधी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्यावर. एक माणूस खाली बसला की अर्धा कोयता, आणि उचल फिटली नाही की ती पुढच्या हंगामावर चढते. हे सगळं तो असं सांगत होता जसं आपण लोकलचं वेळापत्रक सांगतो.

"मग हे कागदावर का नाही?"

"ते तर सगळ्यांना माहिती असतंय की. मला वाटलं लॉगलाइनमध्ये मोठं कायतरी लिहावं लागतं."

मला वाटतं अभिप्राय देणाऱ्याचं खरं काम इथे असतं. त्याला गोष्ट येत नव्हती असं नाही. जे त्याला फार जवळून माहीत होतं ते त्याने क्षुल्लक समजून वगळलं, आणि त्या जागी 'व्यवस्था' आणि 'चक्रव्यूह' आणून बसवले. 'भावलं नाही', 'पकड नाही' असं म्हणून त्याला काय कळलं असतं? 'कितवीत आहे' याने कळलं.

प्रत्येक गोष्टीला 'कोण काय करतं' ही फुटपट्टी लागतेच असं मात्र नाही. 'कोर्ट' सिनेमात लोकशाहिरावर आरोप असतो की त्याच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने आत्महत्या केली. तिथे नायकाचं ध्येय काय म्हणून विचारत बसलात तर हाती काही लागणार नाही, तो आरोपच ऐकणाऱ्याला पुरेसा धरून ठेवतो. आमच्यातल्या एका काकांना हे मान्य नाही. त्यांना ध्येय, अडथळा, पणाला काय, तिन्ही रकाने भरलेले हवेत. त्यांची स्वतःची लॉगलाइन मात्र ते आणत नाहीत, कुणी चोरेल म्हणून! १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद खटल्यात सांगून टाकलंय की नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, ती ज्या रूपात मांडली त्यावर असतो. म्हणजे काकांची भीती अगदीच खोटी नाही. पण म्हणूनच पटकथा लिहून काढा ना, नोंदवा, आणि मग खुशाल सांगा. कल्पना ट्रंकेत ठेवून कुणाचा सिनेमा झालाय?

संध्याकाळी सात वाजता मुलाचा मेसेज आला:

"दहावीतली मुलगी आजीजवळ गावी राहिली आहे. परीक्षेला महिना उरला असताना उसाच्या फडात आईचा हात मोडतो, बापाचा कोयता अर्धा पडतो आणि उचल फेडायला मुकादम तिला आईच्या जागी बोलावतो."

सत्तावीस शब्द. तीनदा वाचलं. मग एकच खटकलं: शेवटचं क्रियापद मुकादमाचं आहे. बोलावतो तो. ती काय करते? माझ्या मनात दोन उत्तरं तयार होती, दोन्ही बरी होती. लिहिली नाहीत. फक्त तेवढं विचारलं.

दहा वाजता उत्तर: "ती जाते ताई. पुस्तकं घेऊन जाते."

दोन मिनिटांनी आणखी एक: "आणि हॉल तिकीट आलंय हे बापाला सांगत नाही."

मी लिहिलं, "का सांगत नाही?"

तेव्हापासून 'टायपिंग' दिसतंय, थांबतंय, पुन्हा दिसतंय. साडेअकरा वाजून गेले. फोन उशाशी ठेवतेय, आवाज चालू ठेवून.