ब्राँक्सच्या पार्कात रानभाज्या खुडायला

न्यूयॉर्कला आलेली मंडळी सेंट्रल पार्क बघतात, मी 6 नंबरची सबवे पकडून वर ब्राँक्सला गेले, व्हिटलॉक अ‍ॅव्हेन्यूला उतरले. स्टेशन उंचावर आहे, खाली नदी आणि काठावर काँक्रीट कारखान्याचे जुने लालसर सायलो, म्हणजे माल साठवायच्या उंच टाक्या, पाडलेच नाहीत ते. 1945 ते 1987 इथे काँक्रीट बनायचं, 2009 ला पार्क झाला आणि नावही ठेवलं काँक्रीट प्लांट पार्क. लपवाछपवी नाही काही.

इथवर यायचं कारण म्हणजे खुडणं. या शहरातल्या पार्कांत झाडापाल्याला हात लावायला बंदी आहे. स्टीव्ह ब्रिल म्हणून एकजण लोकांना रानभाज्या दाखवत फिरवायचा, त्याला 1986 मध्ये सेंट्रल पार्कात डँडेलियन, म्हणजे पिवळ्या फुलाचं एक साधं तण, खाल्लं म्हणून साध्या वेशातल्या रेंजर्सनी चक्क पकडलं, मग पेपरांत इतका गाजावाजा झाला की केस सोडून दिली आणि त्याच पार्क खात्याने त्याला असल्याच टूर्स घ्यायला नोकरीवर ठेवलं! पुढे 2016 मध्ये स्वेल नावाचा एक बार्ज, म्हणजे सपाट तरंगता तराफा, आला, त्यावर भाज्या-फळझाडं लावलेली, कुणीही या नि तोडून न्या, कारण बंदी जमिनीवर, पाण्यावर नाही. ही पळवाट मला जाम आवडली. तो बार्ज इथेही लागला होता, आणि 2017 पासून याच पार्काच्या एका पट्ट्यात फूडवे, म्हणजे खाण्याजोग्या झाडांची बाग, सुरू झाला, तिथे खुडलेलं चालतं.

लावलेल्या झाडांपेक्षा मी आपोआप उगवलेल्या तणातच जास्त रमले. चाकवताची जातभाई लगेच ओळखू आली, कोवळ्या पानांवर ती पांढरी पिठासारखी भुकटी असते, बोटाला लागते. फरशीच्या फटीत घोळ. पण घोळीसारखीच जमिनीला चिकटून पसरणारी दुसरी एक वनस्पती असते, तिची काडी मोडली की पांढरा चीक येतो, ती अजिबात खायची नाही, घोळीची काडी जाड, मांसल आणि आत नुसतं पाणी. आमची गाईड प्रत्येकाला काडी मोडायलाच लावत होती आणि बरोबरच आहे, फोटो बघून भाजी ओळखणाऱ्या अ‍ॅपवर माझा काडीचा विश्वास नाही. पोकवीडचे लालसर दांडे पण दिसले, त्याला नंतर जांभळ्या मण्यांचे घोस लागतात, दिसायला झकास आणि विषारी. आणि मगवर्ट तर जिकडे बघावं तिकडे, दवण्याच्या कुळातला, पान चुरगळलं की उग्र वास, इतका माजलाय की हा उपटून नेला तर पार्कवाल्यांवर उपकारच होतील.

बंदी मात्र मला अगदीच खुळचट वाटत नाही. एवढ्या गर्दीच्या शहरात प्रत्येकाने पिशवी भरून नेली तर उरणार काय? पण डँडेलियनला कसलं संरक्षण द्यायचं, ते तर कापलं तरी मुळापासून परत येतं.

शहरातल्या मातीत जुन्या रंगांचं, पेट्रोलचं शिसं असू शकतं, म्हणून हमरस्त्यालगतचं काही घ्यायचं नाही, आणि घेतलं ते दोन-तीन पाण्यांत धुवायचं.

जायचंच तर जूनमध्ये जा, तुती पिकलेली असते. पांढरे कपडे घालू नका, डाग जात नाही.