हेल्पलाइनचा क्रमांक नेमका कुणाच्या हाती पडतो?

आमच्या तालुक्यातील एका माध्यमिक शाळेच्या पालक-शिक्षक संघाचे काम मी गेली काही वर्षे पाहतो आहे. मानसिक आरोग्याविषयीची माहिती शाळा घरापर्यंत कशी पोहोचवते, हे त्या निमित्ताने जवळून पाहायला मिळते. बहुतेक वेळा ती वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर एका चित्राच्या रूपात येते. ‘शनिवारी शाळा सकाळची भरेल’ आणि ‘सहलीचे पैसे सोमवारपर्यंत भरावेत’ या दोन सूचनांच्या मध्ये तो क्रमांक असतो. खाली दहा-बारा जण हात जोडतात आणि विषय तिथेच संपतो.

अडचण अशी की, हा गट पालकांचा आहे. आठवी-नववीतल्या मुलाकडे स्वतःचा फोन असतोच असे नाही. आणि त्याच्या मनावरचा ताण जर घरातल्याच दारूचा, मारहाणीचा किंवा गुणांवरून रोज ऐकाव्या लागणाऱ्या बोलण्यांचा असेल, तर मदतीचा क्रमांक नेमका त्याच माणसाच्या खिशात जाऊन पडतो, ज्याच्यापासून मुलाला मदत हवी आहे.

विशाखापट्टणम येथे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक असावा, लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावे, आणि हेल्पलाइनचे क्रमांक वर्गांत, वसतिगृहांत व संकेतस्थळावर ठळक अक्षरांत लावावेत, असे त्यात म्हटले आहे. पालकांसाठी जागृतीचे कार्यक्रम नियमित घ्यावेत, हेही त्यात आहे. तत्त्वे योग्यच आहेत. मात्र फळ्याशेजारी लावलेला क्रमांक भर वर्गात उतरवून घेण्याचे धाडस कोणते मूल करील? माझ्या मते तो शाळेच्या दैनंदिनीत छापावा आणि स्वच्छतागृहाच्या दाराला आतून चिकटवावा, म्हणजे मुलाला तो कुणाच्या नजरेस न पडता वाचता येईल.

क्रमांक देण्याइतकेच, तो फिरवल्यावर पुढे काय होते हे सांगणेही आवश्यक आहे. गेल्या पालकसभेत मुख्याध्यापिकांनी १४४१६ हा क्रमांक वाचून दाखवला, तेव्हा मागच्या बाकावरून एका आईने विचारले, “बाई, तिथं फोन लावला की गावात कळतं का हो? आणि पैसे किती कापतात?” त्या सभेतला सर्वांत उपयोगी प्रश्न हाच होता, कारण चित्रात त्याचे उत्तर नव्हते. हा क्रमांक केंद्र सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेचा आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ही सेवा निःशुल्क असून दिवसरात्र उपलब्ध असते. फोन लागल्यावर भाषा निवडता येते, त्यांत मराठीही आहे. प्रथम प्रशिक्षित समुपदेशक बोलतो; गरज भासल्यास तो तज्ज्ञाशी जोडून देतो किंवा जवळच्या शासकीय रुग्णालयातील सेवेची वाट दाखवतो. बोलणे गोपनीय राहते. एवढे चार-सहा ओळींत लिहून दिले असते, तर त्या माउलीला सर्वांसमक्ष विचारावे लागले नसते.

सगळ्या प्रश्नांना हाच क्रमांक पुरणार नाही. मुलाला मारहाण होत असेल किंवा त्याचा छळ होत असेल, तर १०९८ ही बालकांसाठीची वेगळी सेवा आहे. राज्य मंडळ दहावी-बारावीच्या परीक्षांच्या काळात विभागवार समुपदेशकांचे फोन जाहीर करते, पण ते त्या हंगामापुरतेच. आमच्याकडे फिरणाऱ्या यादीत अशाच कुठल्याशा जुन्या वर्षाचे क्रमांक होते आणि त्यांतला एक लागतच नव्हता. अस्वस्थ मनाने लावलेला पहिलाच फोन असा वाया गेला, तर दुसरा लावला जाईलच याची खात्री कोण देणार? म्हणून दर जूनमध्ये शाळेतल्या कुणीतरी प्रत्येक क्रमांक स्वतः लावून पाहावा, अशी सूचना मी मांडली आहे.

दैनंदिनीचे शेवटचे पान या माहितीसाठी देण्यास मुख्याध्यापिका तयार आहेत. सध्या त्या पानावर गणवेशाच्या एका दुकानाची जाहिरात असते. तिचे पैसे कुठून भरून काढायचे, हा संघाच्या पुढच्या बैठकीतला पहिला विषय आहे.