बॉटन अलफच्या ओसरीतली चूल

आळंदीहून पंढरपूरपर्यंत मी तीन वेळा दिंडीबरोबर चाललो आहे, त्यामुळे यात्रेच्या वाटेवर एकटे असण्याची मला सवय नव्हती. गेल्या वर्षी मेच्या सुरुवातीला इंग्लंडच्या केंट परगण्यात चेरिंगहून कँटरबरीपर्यंतची सुमारे ३० किलोमीटरची वाट मी दोन दिवसांत चाललो, तेव्हा पहिल्या सकाळी टाळमृदंगाची उणीव फार जाणवली. ‘पिलग्रिम्स वे’ (यात्रेकरूंची वाट) नावाची ही वाट विंचेस्टरहून निघून चुनखडीच्या टेकड्यांच्या दक्षिण उताराने पूर्वेकडे जाते. यात्रेकरूंचे नाव तिला पक्के चिकटले ते एकोणिसाव्या शतकात. लंडनकडून येणारे यात्रेकरू जुन्या रोमन रस्त्याने जात असत. तरीही मी हीच वाट निवडली, कारण ती लहान लहान गावांतून जाते आणि आपल्याकडे जसे ग्रामदैवताचे देऊळ, तसे तिथे गावागावांत शतकांपूर्वीचे चर्च आहे.

चेरिंगच्या चर्चला लागूनच कँटरबरीच्या आर्चबिशपांच्या, म्हणजे मुख्य धर्मगुरूंच्या, जुन्या वाड्याच्या भिंती आहेत. १५९० च्या ऑगस्टमध्ये कोणी कबुतरावर बंदूक झाडली, उन्हाने वाळलेल्या लाकडी छपराने पेट घेतला आणि दगडी भिंतींखेरीज फारसे काही उरले नाही. गावाने पुन्हा छप्पर घातले. त्याच्या तुळईवर रंगवलेले १५९२ हे साल आजही मान वर करून वाचता येते. पुढे ईस्टवेलला तळ्याकाठच्या चर्चचे छप्पर १९५१ मध्ये कोसळले, ते मात्र पुन्हा उभे राहिले नाही. मनोरा आणि काही भिंती तेवढ्या शिल्लक आहेत. या दोन गावांमधल्या दोन तासांच्या चालण्यात एक गोष्ट मनात ठसली, की दगड कितीही जुना असला तरी गावाचा हात फिरत राहिला तरच चर्च टिकते.

बॉटन अलफचे चर्च वस्तीपासून दूर, शेतांच्या मधोमध आहे. गारगोटीच्या भिंती, बुटका रुंद मनोरा, आणि एवढ्याशा गावाला न शोभणारा भव्य गाभारा. त्याच्या ओसरीत चक्क भिंतीतली चूल आहे. पुढे किंग्ज वुडचे दाट जंगल लागते आणि तिथे वाटमाऱ्यांची भीती असे, म्हणून पुरेशी माणसे जमेपर्यंत यात्रेकरू या चुलीशी शेकत थांबत आणि मगच सगळे मिळून निघत, असे सांगतात. ही परंपरेने आलेली गोष्ट आहे, तिला कागदाचा पुरावा मागू नये. पण त्या काळवंडलेल्या विटांसमोर बसल्यावर मला पहिल्यांदा वाटले, की या वाटेवरही दिंडी होती.

आत एक वृद्ध बाई वेदीपाशी फुले बदलत होत्या. गुडघे टेकण्यासाठी बाकांखाली ठेवलेल्या उशा गावातल्या बायकांनीच भरतकाम करून केल्या आहेत, असे त्यांनी सांगितले. अशा चर्चच्या डागडुजीचा भार मुख्यतः गावच्या मंडळीवरच असतो. गळके छत, घंटांचे दोर, गवत कापणे, सगळे वर्गणीतून आणि स्वतःच्या हातांनी. किती जण आहात, असे त्यांनी विचारले. एकटाच, असे मी म्हणालो. तेव्हा त्या म्हणाल्या, “मग जरा बसा ना, कोणीतरी येईलच.”

खरोखरच अर्ध्या तासाने यॉर्कशरहून आलेली मायलेकी आली. किंग्ज वुड आम्ही तिघांनी मिळून ओलांडले. चेस्टनटच्या झाडांखाली ब्लूबेलची निळी फुले पसरली होती. मला अभंग म्हणावासा वाटला आणि मी तो म्हटला. त्या दोघी पावले जुळवून मुकाट्याने ऐकत चालल्या.

चिलम नावाच्या गावात मुक्काम केला. तिथल्या चर्चच्या आवारातला शेकडो वर्षांचा यू वृक्ष १९८७ च्या वादळात पडला. दुसऱ्या दिवशी हार्बलडाउन लागले. आर्चबिशप लॅनफ्रँक यांनी अकराव्या शतकात कुष्ठरोग्यांसाठी येथे आश्रयस्थान उभारले. त्यांच्या चर्चची फरशी धुता यावी म्हणून उतरती ठेवली आहे असे म्हणतात. पायांखाली तो उतार जाणवतो. ज्यांना कोणी जवळ येऊ देत नव्हते त्यांच्यासाठी यात्रेच्या वाटेवरच प्रार्थनेची जागा बांधली गेली, हे मला फार मोठे वाटते.

ज्यांच्या समाधीसाठी यात्रेकरू येत, त्या आर्चबिशप टॉमस बेकेट यांची हत्या २९ डिसेंबर ११७० रोजी राजाच्या सरदारांकडून कँटरबरीच्या कॅथेड्रलमध्ये, म्हणजे मुख्य चर्चमध्ये, झाली. ११७४ मध्ये दुसरा हेन्री राजा प्रायश्चित्तासाठी आला, तेव्हा शहराच्या वेशीबाहेरच्या सेंट डन्स्टन चर्चपासून तो अनवाणी चालत गेला. बेकेट यांच्या अस्थी १२२० मध्ये ज्या समाधीत ठेवल्या, ती आठव्या हेन्रीच्या आज्ञेने १५३८ मध्ये उद्ध्वस्त झाली. आता तिथे मोकळ्या फरशीवर एक मेणबत्ती जळत असते. तिच्याकडे नेणाऱ्या दगडी पायऱ्या मात्र यात्रेकरूंनी झिजवलेल्या आहेत.

पायऱ्यांपाशी मी सवयीने बूट काढले. त्या मुलीने आईकडे पाहिले, आणि दोघींनीही आपल्या बुटांचे बंद सोडले.